बावीस मिनिटांचं गवत

अ‍ॅलन सॅव्हरींचं टेड व्याख्यान तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. नसेल पाहिलं, तर कुणीतरी पाठवलेली लिंक 'नंतर बघू'च्या ढिगात पडून असेल. २०१३ साली कॅलिफोर्नियात, लाँग बीचला झालेलं हे भाषण साधारण बावीस मिनिटांचं आहे. म्हातारे, सडपातळ, झिंबाब्वेचे एक गृहस्थ रंगमंचावर येतात, अजिबात आवाज न चढवता बोलतात, आणि शेवटी अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जगातल्या कोरड्या जमिनी वाळवंट होत चालल्या आहेत. आपण त्याचा दोष गुरांच्या चराईला देतो, पण तो उलटा आहे. गुरं काढून घेतली की जमीन मरते. गुरं दाटीने, कळप करून, सतत पुढे हलवत चारली तर गवत परत येतं, पाणी मुरतं, वन्यप्राणी परततात आणि हवेतला कार्बनही जमिनीत जातो.

या भाषणाबद्दल लिहिणारे दोनच प्रकारचे लोक मला भेटले. एक भक्त, दुसरे शास्त्रज्ञ. भक्त सांगतात की बघा, किती सोपं आहे. शास्त्रज्ञ सांगतात की हे चूक आहे, आणि संदर्भांची यादी जोडतात. मला या दोघांपेक्षा वेगळं काहीतरी करायचंय. हे भाषण एक संहिता म्हणून वाचायचंय, जसं आपण एखादी कथा किंवा सिनेमा वाचतो. पात्रं कोण, सांगणारा कोण, काय दाखवलं, काय गाळलं. कारण हे भाषण पटतं ते त्यातल्या पुराव्यामुळे नाही, रचनेमुळे पटतं. आणि या रचनेला खऱ्या आयुष्यात फार लांबचे धागे फुटले आहेत.

मराठी कानांना तर हे भाषण जास्तच धक्का देतं. आपण शाळेपासून राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारच्या गोष्टी ऐकत मोठे झालो. नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. डोंगर मोकाट गुरांसाठी बंद केला, चर खोदले, पाणी अडवलं आणि गवत आलं, असं आपलं पाठ झालेलं चित्र. इथे एक माणूस शांतपणे सांगतोय की चराईबंदी हेच वाळवंटाचं कारण. (हिवरे बाजारात गवत नुसतं उभं राहत नाही, लोक ते कापून नेतात. म्हणजे दोन्ही बाजूंना वाटतं तेवढं ते उदाहरण सरळ नाही. असो.)

आता रचना बघू. सुरुवात भीतीने होते: लोकसंख्या, वाळवंटीकरण, हवामान, सगळं एकत्र येणारं संकट. ही टेडची नेहमीची चाल. पण मग सॅव्हरी एक गोष्ट सांगतात आणि तिथे भाषण वेगळ्याच पातळीवर जातं. ते तरुण जीवशास्त्रज्ञ होते, १९५० च्या दशकात आफ्रिकेत भविष्यातल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी राखलेल्या जमिनींवर काम करत होते. वन्यप्राण्यांवर जीव, गुरांचा तिरस्कार. उद्यानातली जमीन ढासळताना दिसली. गुरं तर तिथे नव्हतीच, मग दोष कुणाचा? त्यांनी निष्कर्ष काढला की हत्ती जास्त झालेत. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने त्यांना दुजोरा दिला. पुढच्या वर्षांत ४०,००० हत्ती मारले गेले. आकडा त्यांच्याच तोंडचा. आणि जमीन सुधारली नाही, आणखी बिघडली. ही आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी, सर्वांत दुःखद चूक, ती मरेपर्यंत सोबत राहील, असं ते म्हणतात.

मी हे भाषण तीन-चार वेळा पाहिलंय आणि दर वेळी इथे गळा दाटतो. हे अभिनय म्हणून ते करत नसावेत. पण कथनात त्या कबुलीचं काम काय आहे ते बघा. ज्याने ४०,००० हत्तींचं ओझं उचललंय त्याच्यावर पुढची पंधरा मिनिटं शंका घेणं आपल्याला असभ्य वाटतं. खरं तर उलटं व्हायला हवं. एकदा ठाम खात्रीने, तज्ज्ञांच्या पाठिंब्याने, एकच कारण आणि एकच उपाय सांगून जो इतका चुकला, तो दुसऱ्यांदा तितक्याच खात्रीने एकच कारण आणि एकच उपाय सांगतोय. सॉफ्टवेअरमध्ये प्रॉडक्शन पाडणारा बग सापडला की आम्ही बगसोबत तो ज्या पद्धतीने सुटून गेला ती पद्धतही तपासतो. सॅव्हरी फक्त निष्कर्ष बदलतात. हत्तींच्या जागी गाय येते, 'मारा'च्या जागी 'वाढवा' येतं. पद्धत तीच: डोळ्यांनी पाहिलं, पटलं, आता सगळीकडे करा.

सिद्धांत मात्र हलका नाही, आणि तो नीट सांगितला पाहिजे. वर्षभर दमट असलेल्या प्रदेशात गवत वाळलं की किडे-बुरशी ते कुजवून टाकतात. जिथे पावसाचे चार महिने आणि कोरडे आठ, तिथे वाळलेलं गवत उभंच राहतं, राखाडी पडतं, पुढच्या हंगामाच्या कोंबाला सावलीत गुदमरवतं. पूर्वी तिथे प्रचंड कळप असायचे. मागे शिकारी प्राणी, म्हणून कळप दाटीने चालायचा. स्वतःच्याच शेणमुतात चरता येत नाही, म्हणून पुढे सरकायचा. खुरांनी गवत आडवं व्हायचं, जमीन झाकली जायची, शेण मिसळायचं आणि मग त्या जागेला विश्रांती. आता कळप गेले, शिकारी गेले. मग गुरांनाच त्या कळपाची भूमिका द्या. यातला एक गाभा भक्कम आहे आणि तो सॅव्हरींच्या आधीचा आहे: फ्रान्सच्या आंद्रे व्हॉयझांने १९५० च्या दशकात मांडलं होतं की अतिचराई ही गुरांच्या संख्येपेक्षा वेळेची गोष्ट आहे. खुडलेलं रोप सावरण्याआधी परत खुडलं की ते मरतं. दहा गाई महिनाभर एकाच जागी ठेवल्या तर शंभर गाई दोन दिवस ठेवण्यापेक्षा जास्त नुकसान करू शकतात. हे कुठल्याही गुराख्याला पटेल.

मग येतात फोटो. भाषणाचा खरा नायक फोटो आहेत. आधी उघडी, तडकलेली जमीन, नंतर त्याच जागी कमरेएवढं गवत. झिंबाब्वे, मेक्सिको, पॅटागोनिया, कारू. पॅटागोनियात २५,००० मेंढ्यांचा एक कळप. प्रत्येक जोडीला सभागृहातून हुंकार येतो. 'आधी-नंतर' हा फोटोप्रकार आपल्या पिढीने इतका पाहिलाय की त्याची सवय झालीय: वजन कमी केल्याचे, केस उगवल्याचे, घर रंगवल्याचे. पण जमिनीचा फोटो वजनाच्या फोटोपेक्षाही जास्त फसवा असतो. मे महिन्यात माळशिरसचा माळ बघा आणि सप्टेंबरात बघा, गुरं न हलवता चमत्कार दिसेल. दुष्काळी वर्ष आणि भरल्या पावसाचं वर्ष यांतला फरक कुठल्याही चराई पद्धतीपेक्षा मोठा असू शकतो. आणि शेजारी असा एक तुकडा लागतो जिथे काहीच केलं नाही. तो नसेल तर आपण नक्की कशाचा परिणाम बघतोय ते कळत नाही. एवढी साधी गोष्ट आम्ही अ‍ॅपमधल्या बटणाचा रंग बदलतानाही पाळतो.

गवताळ प्रदेशांवर आयुष्य घालवलेल्या शास्त्रज्ञांनी, डेव्हिड ब्रिस्क आणि सहकाऱ्यांनी, त्याच वर्षी 'रेंजलँड्स' नियतकालिकात उत्तर लिहिलं. कुंपणं बदलत चारण्याच्या पद्धतीवर अनेक दशकांचे प्रयोग झालेत. तुलना करून पाहिल्यावर संख्या योग्य ठेवलेल्या साध्या चराईपेक्षा ती सातत्याने सरस ठरलेली नाही. शिवाय सगळी वाळवंटं कळपांअभावी झालेली नाहीत. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या काही कोरड्या प्रदेशांत अलीकडच्या हजारो वर्षांत गव्यांसारख्या प्राण्यांचे महाकळप नव्हतेच. तिथल्या उघड्या मातीवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांचा एक जिवंत पापुद्रा असतो, तोच माती धरून ठेवतो. सॅव्हरींना ती माती मेलेली दिसते. खूर पडले की तो पापुद्रा फुटतो.

आकड्यांकडेही बघू, कारण शेवटचं आश्वासन आकड्यांचं आहे: जगातल्या साधारण निम्म्या गवताळ जमिनीवर हे केलं तर हवेतला कार्बन औद्योगिक क्रांतीआधीच्या पातळीवर जाईल. भाषण झालं त्या वर्षी हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४०० भागांना टेकला होता, औद्योगिकीकरणाआधी तो सुमारे २८० होता. फरक १२०. एक भाग म्हणजे ढोबळ २.१३ अब्ज टन कार्बन, म्हणजे काढायचे साधारण २५५ अब्ज टन. गवताळ जमीन ढोबळ ५ अब्ज हेक्टर धरली तर निम्मी अडीच अब्ज. भागाकार: हेक्टरी सुमारे १०० टन. चांगल्या व्यवस्थापनाखालच्या कुरणात वर्षाला हेक्टरी अर्धा टन मुरला तरी तो उत्तम निकाल समजला जातो. म्हणजे दोनशे वर्षं. आणि माती दोनशे वर्षं कार्बन पीत राहत नाही, काही दशकांत तिचं पोट भरतं. समुद्र दरम्यान स्वतःकडचा कार्बन परत सोडेल तो हिशेब मी धरलेलाच नाही. आफ्रिकेत दर वर्षी १०० कोटी हेक्टरांहून जास्त गवत जाळलं जातं असंही भाषणात येतं. उपग्रहांच्या मोजणीत साऱ्या जगातलं जळालेलं क्षेत्रही तिथवर पोचत नाही. हे गणित करायला मला मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटं लागली. सभागृहात तेव्हा अनेक इंजिनिअर बसले असणार.

पण माझा मुख्य आक्षेप इथे नाही. आकडा चुकला तर दुरुस्त होतो. मला खुपतात ती दोन वाक्यं, जी टाळ्यांच्या मधे अलगद निघून जातात.

पहिलं हत्तींच्या गोष्टीच्या आधी येतं. उद्यानं राखताना आपण शिकार करणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या माणसांना तिथून हलवलं आणि लगेच जमीन ढासळू लागली, असं सॅव्हरी सांगतात. वाक्य एवढंच. ही माणसं कोण, त्यांना कुणी हलवलं, कुठे नेऊन टाकलं, त्यांचं काय झालं? भाषणाला त्यांच्यात रस नाही. ती माणसं कथेत येतात ती एक आवाज म्हणून: ढोल थांबले, म्हणून प्राण्यांची पळापळ थांबली. हत्तींसाठी पश्चात्ताप आहे, तो खरा आहे, पण त्याच परिच्छेदात हाकलल्या गेलेल्या माणसांसाठी अर्धा श्वासही नाही. आणि हे कुणा भोळ्या निसर्गप्रेमीचं विस्मरण नाही. सॅव्हरी वसाहती वन्यजीव खात्यात होते. ऱ्होडेशियाच्या सैन्यात त्यांनी माग काढणाऱ्यांची तुकडी उभी केली. १९६८ पासून काही वर्षं ते तिथल्या संसदेत होते, पुढे इयान स्मिथच्या विरोधात गेले आणि १९७९ मध्ये देश सोडावा लागला. जमीन कुणाची हा प्रश्न त्या देशात किती रक्ताचा होता हे त्यांच्याइतकं फार कमी जणांना माहीत असेल. बावीस मिनिटांत तो शब्दाने येत नाही.

दुसरं वाक्य उपायाच्या तोंडाशी आहे. दहा हजार वर्षं अत्यंत जाणकार पशुपालक आपली जनावरं दाटीने हलवत आले, पण जगातली मोठी मानवनिर्मित वाळवंटं त्यांनीच घडवली, असं ते म्हणतात. 'अत्यंत जाणकार' हे विशेषण ऐकायला आदराचं वाटतं, पण ते वाक्य गुराख्याला दारातूनच परत पाठवतं. त्यानंतर ज्ञान दुसरीकडून येतं, आखणीच्या तंत्रांतून. ती तंत्रं सैनिकी शिक्षणातून घेतल्याचं त्यांनी इतरत्र सांगितलंय. म्हणजे कळप हवा, खूर हवेत, शेण हवं. फक्त कळपामागे काठी घेऊन चालणारा माणूस तेवढा नवा, प्रशिक्षित हवा.

या वाक्याला उत्तर केनियातून आलंय. २०१८ मध्ये फिओना मार्शल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये नैऋत्य केनियातल्या जुन्या पशुपालक वस्त्यांचा अभ्यास छापला. दीड हजार ते पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या या वस्त्या. जिथे तेव्हा रात्री गुरं कोंडली जात, तिथली माती आजही आजूबाजूपेक्षा कसदार आहे, तिथे हिरवळीचे गोल तुकडे आहेत आणि जंगली प्राणी तिथे येऊन चरतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या गोठ्यावर आजचा झेब्रा पोसला जातोय. वाळवंट घडवणाऱ्यांची ही निशाणी!

केनियातच लैकिपिया आहे. गुरं आणि वन्यप्राणी एकत्र नांदण्याबद्दल मला माहीत असलेलं सर्वांत प्रामाणिक लिखाण तिथून येतं आणि ते अजिबात टाळ्याखाऊ नाही. म्पाला इथे १९९५ पासून एक प्रयोग चालू आहे. चार-चार हेक्टरांचे अठरा तुकडे, कुठे फक्त गुरं, कुठे गुरं आणि झेब्रे-हरणं, कुठे हत्ती-जिराफही, कुठे कुणीच नाही. २०११ मध्ये विल्फ्रेड ओडाडी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये जे मांडलं ते मला एखाद्या चांगल्या कथेसारखं वाटतं, कारण त्यात खलनायक ऋतूप्रमाणे बदलतो. कोरड्या दिवसांत जंगली प्राणी गुरांच्या तोंडचा घास पळवतात, गुरांचं वजन कमी वाढतं. पावसाळ्यात तेच झेब्रे जाड, वाळलेली काडी खाऊन टाकतात, खालचं कोवळं गवत गुरांना मिळतं आणि वजन जास्त वाढतं. शत्रू की मित्र, याचं उत्तर 'कधी विचारताय त्यावर'. या निष्कर्षाला कुणी उभं राहून टाळ्या वाजवणार नाही. पण गुरं पाळणाऱ्याला तो उपयोगी आहे.

शेजारच्या ओल पेजेटामध्ये बोरान जातीची हजारो गुरं गेंडे, सिंह, हत्तींच्या सोबतीने चरतात. जगातले शेवटचे दोन उत्तरी पांढरे गेंडे, नाजिन आणि फातू, तिथेच आहेत. रात्री गुरं हलवता येण्याजोग्या बोमात, म्हणजे कुंपणाच्या वाड्यात जातात. बोमा काही दिवसांनी पुढे सरकतो, मागे शेणाचा गोल राहतो आणि त्यावर पुढच्या पावसाला गवत येतं. गोचीड मारायचं औषध लावलेली गुरं रानात फिरतात तेव्हा गोचीड गुरांवर चढून मरतात आणि रानातलं त्यांचं प्रमाण घटतं, असंही लैकिपियातल्या अभ्यासांत दिसलंय. हे सगळं कुणी केलं? दिवसभर कळपासोबत चालणाऱ्या आणि रात्री बोमाशेजारी झोपणाऱ्या माणसांनी. (लैकिपिया म्हणजे स्वर्ग नव्हे. तिथली प्रचंड रानं वसाहतकाळात कुणाच्या नावावर झाली हा प्रश्न जिवंत आहे, २०१७ च्या दुष्काळात तो बंदुका घेऊन बाहेर आला.)

आपल्याकडे धनगरांचा वाडा उतरतो, शेतकरी धान्य-पैसे देऊन रात्री मेंढरं शेतात बसवून घेतो. ही त्या बोमाची सख्खी बहीण. दख्खनच्या माळावर त्या वाड्यांच्या मागे लांडगाही फिरतो, मधूनच कोकरू उचलतो. आणि माळाला सरकारी कागदावर बहुधा पडीक म्हणतात. आपल्या चराईबंदीच्या गोष्टीत धनगर अडथळा म्हणून येतो, सॅव्हरींच्या चराईच्या गोष्टीत येतच नाही. दोन विरुद्ध टोकांच्या गोष्टी या एका जागी एकमेकींना भेटतात.

हे सगळं एका भाषणावर ओझं टाकण्यासारखं वाटेल. वाटलं असतं, ते भाषणच राहिलं असतं तर. पण 'आखलेल्या, दाटीच्या, फिरत्या चराईने मातीत कार्बन वाढतो' हे वाक्य आता विकलं जातं. उत्तर केनियात नॉर्दर्न रेंजलँड्स ट्रस्टचा माती-कार्बन प्रकल्प सुमारे १९ लाख हेक्टरांवर आहे. तिथे सांबुरू, बोराना, रेंदिले लोकांची एक लाखाहून जास्त वस्ती आहे. गुरं ठरलेल्या आखणीने फिरतील, माती कार्बन साठवेल आणि त्याची क्रेडिट्स जगभरच्या कंपन्या घेतील, हा त्याचा पाया. नेटफ्लिक्स आणि मेटा खरेदीदारांत होते. मार्च २०२३ मध्ये सर्व्हायव्हल इंटरनॅशनलने अहवाल काढून म्हटलं की तिथल्या लोकांची पिढीजात चराईची पद्धत मोडून त्यांच्यावर नवी लादली जातेय, आणि कार्बनचा हिशेबही भरवशाचा नाही. ट्रस्टने हे नाकारलं. क्रेडिट्स नोंदवणाऱ्या व्हेराने प्रकल्प परीक्षणाखाली घेतला. जानेवारी २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयाने दोन संवर्धनक्षेत्रं लोकांना नीट सामावून न घेता स्थापन झाल्याचं सांगत बेकायदा ठरवली, त्यातलं एक या प्रकल्पातलं आहे.

बोराना लोकांकडे चराईचं नियमन आधीपासून होतंच. कुठलं कुरण कोरड्या दिवसांसाठी राखायचं, कुठल्या विहिरीवर कुणाची गुरं कधी येणार, हे ज्येष्ठांची सभा ठरवते. त्यालाही आखणीच म्हणतात. फक्त पाऊस कुठे पडेल ते आधी ठाऊक नसतं, म्हणून ती आखणी दर आठवड्याला बदलते आणि कुठल्याच ऑडिटच्या रकान्यात बसत नाही.

माझ्या नोकरीत काही महिने मी कंपन्यांचा कार्बन हिशेब दाखवणाऱ्या एका स्क्रीनवर काम केलंय. विकत घेतलेल्या क्रेडिट्सचा तक्ता: प्रकल्पाचा प्रकार, देश, टन, वर्ष, किंमत. 'गवताळ जमीन व्यवस्थापन' निवडलं की शेजारी हिरव्या पात्याचं छोटं चिन्ह यायचं. ते चिन्ह किती पिक्सेलचं असावं यावर आमची एकदा अर्धा तास चर्चा झाली. त्या ओळीच्या मागे कोरड्या महिन्यात गुरं कुठल्या दिशेने न्यायची, याबद्दल कुणीतरी कुणालातरी 'नाही' म्हटलेलं असू शकतं. त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता, आणि कुणी मागितलाही नव्हता.

सॅव्हरींचं भाषण अजूनही जरूर बघा. भाषण कसं बांधावं याचा त्याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही, आणि गवताकडे इतकं रोखून बघायला शिकवणारी माणसं विरळाच. फक्त ढोल वाजवणारी माणसं येतात तिथे व्हिडिओ थांबवा आणि वाक्य परत ऐका. ते सहा-सात सेकंदांत संपतं.